पितळवाल्या शेठचे सर्व्हो

भंडाऱ्याच्या बाजारात भैय्यालाल शेठचं पितळी भांड्यांचं दुकान आहे. तिथं गिऱ्हाईक शिरलं की शेठ आधी किंमत सांगत नसत, परीक्षा करून दाखवत. फळीवरचा गुंड, म्हणजे पाणी भरायचा पितळी घडा, खाली काढायचे, तळहातांवर जरा झेलायचे, मग त्याच्या पोटावर टिचकी मारून आवाज विरेपर्यंत गिऱ्हाइकाला बोलू द्यायचे नाहीत. भांडं हाताला जड लागलं पाहिजे आणि टिचकी मारल्यावर लांब गुणगुणलं पाहिजे, या दोन कसोट्यांवर शेठनी सगळं आयुष्य काढलं होतं. भांडीच कशाला, कलिंगड, कुलूप, दाराची कडी, सगळं ते असंच पारखून घेत. त्यांच्या पत्नी राधाबाई म्हणायच्या, मला बघायला आले तेव्हा टिचकी मारली नाही एवढं नशीब.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा शेठची निम्मी गिऱ्हाइकं कागदावर परक्या जिल्ह्यात गेली. उरलेली निम्मी पुढं स्टीलनं आणि प्लास्टिकनं नेली. दुसरा माणूस खचला असता. शेठ खचणाऱ्यांतले नव्हते, उतावळ्यांतले होते. केस पिकले तरी नवी वस्तू दिसली की त्यांच्या पायाला भिंगरी लागायची. अशातच ते एकदा जुन्या पितळेची मोड विकायला नागपूरला गेले आणि वाटेत एका मैदानावर एक माणूस हातात रिमोट घेऊन आकाशाकडे बघत उभा असलेला त्यांना दिसला. वर एक पांढरं, हातभर लांबीचं विमान गिरक्या घेत होतं. शेठनी टेम्पो थांबवला. विमान खाली उतरेपर्यंत मोड टेम्पोतच राहिली आणि संध्याकाळी ती तशीच भंडाऱ्याला परत आली. सोबत एक खोका आला, त्यात फोमचं विमान सुट्या भागांत होतं.

राधाबाईंनी कपाळावर हात मारला नाही, कारण कपाळावर मारायचे सगळे हात त्यांनी लग्नाच्या पहिल्या काही वर्षांतच मारून घेतले होते.

विमान जोडणं शेठना जमलं. अडलं ते सर्व्होपाशी. सर्व्हो म्हणजे काडेपेटीएवढी डबी. आत इवलीशी मोटर, दातेरी चाकं, आणि बाहेर एक छोटा दांडा. आपण खाली रिमोटची काठी हलवली की वर तो दांडा तेवढाच हलतो, तारेनं पंखाची किंवा शेपटाची पट्टी ओढतो, आणि विमान वळतं, चढतं, उतरतं. असे चार लागतात. मोटर विमानाला नुसतं पुढं ढकलते. तुमचं ऐकतात ते हे चौघं.

नागपूरच्या दुकानदारानं, संजीव त्याचं नाव, शेठसमोर दोन प्रकार ठेवले. एक निळसर प्लास्टिकचा, आतली चाकंसुद्धा प्लास्टिकची, पिसासारखा हलका. दुसरा काळा, आत धातूची चाकं. शेठनी हलका उचलला आणि लगेच खाली ठेवला, जसा ते पातळ पत्र्याचा लोटा ठेवत. मग काळा उचलला. तळहाताला भार कळला. संजीवनं दोन्ही बॅटरीला जोडून दाखवले. निळा गप्प बसला. काळा कुणी काही न करता बारीक सुरात गुणगुणत राहिला. शेठचा चेहरा उजळला. माल पास झाला होता. संजीव म्हणत होता की एवढ्याशा विमानाला हलकेच बरे, पण शेठनी ऐकलं नाही. पितळेच्या माणसाला प्लास्टिकचे गुण ऐकवून काय उपयोग?

मागचं शेपूट या जड सर्व्होंनी खाली ओढलं जायचं. शेठनी त्यावरही इलाज काढला. विमानाच्या नाकात पितळेचा एक तुकडा बसवला की तोल साधला. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तसा प्रकार, पण शेठना त्यात आपल्या धंद्याचा मानच दिसला. सगळ्या बाजाराला त्यांनी ते नाक दाखवलं.

झाडीपट्टीत दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरते. ही भाजीची मंडई नव्हे. पाहुणे येतात, पाळणे लागतात, जिलेबीच्या कढया चढतात, दिवसा ढोलाच्या तालावर दंडार हा लोकनाच होतो आणि रात्री नाटक होतं. तुमसर तालुक्यातल्या नाकाडोंगरीच्या मंडईत शेठ तरुणपणापासून भांड्यांचं दुकान मांडत. तिथले शेतकरी गोमाजी त्यांचे जुने गिऱ्हाईक आणि त्याहून जुने स्नेही. गोमाजींची धान कापलेली बांधी मंडईच्या कडेलाच होती. बांधी म्हणजे धुऱ्यांनी, मातीच्या बांधांनी, वेढलेलं धानाचं शेत. विमान उडवायला याहून मोकळी जागा कुठली?

त्या वर्षी विमान उडालं. खरंच उडालं. भोंग्यावरून पुकारा झाला, दंडार थांबली, जवळच्या खाणीवरून आलेले लोक धुऱ्यावर चढून बघू लागले. शेठनी एक फेरी मारली, दुसरी मारली आणि तिसऱ्या वळणावर काठी जोरात फिरवली. विमान एकाएकी मुकं झालं. काठी हलवावी तर तिकडं काहीच हलेना. ते सरळ बांधीच्या कडेच्या मोहाच्या झाडाकडे गेलं आणि धप्पकन जमिनीत घुसलं. झाडाखाली गोमाजींची बायको निर्मलाबाई बसली होती. पितळेचं नाक तिच्या पायापासून हातभरावर रुतलं होतं.

लोक हसले. निर्मलाबाई हसली नाही आणि ओरडलीही नाही. तिनं पदर सावरला, विमानाचा तुटका पंख उचलला आणि धावत आलेल्या शेठच्या हातात दिला. पुढची कितीतरी वर्षं भांडी विकली तरी ते हातभर अंतर त्यांच्या डोळ्यांपुढून जाणार नव्हतं.

घरी आल्यावर शेठनी वाऱ्याला दोष दिला, बॅटरीला दिला, शेवटी कुणाची तरी नजर लागली म्हणाले. राधाबाई ऐकून घेत होत्या. मग त्या एवढंच बोलल्या.

"अजी, इमान पडलं तं पडलं. ते निर्मलाच्या डोक्यात पडलं असतं तं कोन्या तोंडानं गेले असते त्याइच्या घरी?"

शेठनी त्याच बैठकीत सांगून टाकलं की पुढच्या मंडईत एकदाच उडवीन, आणि त्यातही पडलं तर विमानाचं नाव काढणार नाही. राधाबाई म्हणाल्या, नाहीच उडवलं तर अधिक बरं. पण शेठना ते नको होतं. तो धप्प आवाज तसाच शेवटचा ठेवून त्यांना थांबवत नव्हतं. नाकाडोंगरीच्या त्याच बांधीत, त्याच माणसांसमोर विमान नीट उतरवल्याशिवाय त्यांना गोमाजींच्या ओट्यावर बसून चहा गोड लागणार नव्हता.

वर्षभर त्यांनी विमान छप्पन्न वेळा खोललं आणि जोडलं. नवा पंख आला, नवी मोटर आली, नवी बॅटरी आली. सर्व्हो मात्र तेच. त्यांच्यावर शेठचा संशय कसा जाणार? ते तर सगळ्यात जड आणि सगळ्यात छान वाजणारे होते.

दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी शेठ गादीवर चारही सर्व्हो जोडून बसले होते. गिऱ्हाईक नव्हतं. राधाबाई जेवणाचा डबा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"हे काहून रडून राहिले?"

शेठ कौतुकानं म्हणाले की रडत नाहीत, वाजतात, चांगल्या मालाची खूण आहे. राधाबाईंनी विचारलं, तुम्ही तर टिचकीही मारली नाही. मग वाजतात कशानं? आणि डबा ठेवून त्या निघून गेल्या, कारण घरी करंज्यांचं पीठ भिजवून ठेवलं होतं.

शेठ हसले. हसता हसता त्यांनी फळीवरच्या एका गुंडाला टिचकी मारली. तो गुणगुणला, मंद झाला आणि गप्प झाला. सर्व्हो गप्प होईनात. शेठनी एकाला हात लावला आणि झटकन मागं घेतला. डबी तापली होती. चाळीस वर्षांत वाजून तापलेलं भांडं त्यांनी पाहिलं नव्हतं.

मग मात्र त्यांच्या अंगात वारं शिरलं. दुकानाचं अर्धं दार ओढून घेतलं. जेवणाचा डबा तसाच राहिला. पेन्सिलीनं कागदावर रेघ मारली, सर्व्होचा दांडा रेघेवर ठेवला, काठी हलवली आणि सोडली. दांडा परत आला, पण रेघेवर आला नाही. जरा अलीकडेच थांबला आणि तिथंच धडपडत गुणगुणू लागला. दुसरी बाजू पाहिली, तर जरा पलीकडे. जागा सापडत नव्हती म्हणून तो ताकद लावत होता आणि ताकद लावत होता म्हणून तापत होता. चौघांना एकदम हलवलं तेव्हा रिसीव्हरचा, म्हणजे रिमोटचं ऐकणाऱ्या चिपचा, दिवा क्षणभर विझला. चौघं मिळून त्याच्या तोंडचा विजेचा घास काढून घेत होते. तिसऱ्या वळणावर विमान मुकं का झालं, ते शेठच्या समोर गादीवर पडलेलं होतं. वारा नव्हता, नजर नव्हती. शेठनी स्वतः निवडलेला माल होता.

त्यांना वाईट वाटायला हवं होतं आणि वाटलंही. पण खरं सांगायचं तर त्याहून आनंदच जास्त झाला. चूक सापडली होती. ज्याला कुलूप सापडलं त्याला किल्लीची काय फिकीर? त्यांनी डबा उघडला आणि उभ्या उभ्या जेवले.

दुसऱ्या दिवशी ते नागपूरला संजीवच्या दुकानात हजर झाले, स्वतःचा रिमोट, स्वतःची बॅटरी आणि पेन्सिलीच्या रेघेचा कागद घेऊन. आता कसोट्या नव्या होत्या. हाताला लागू नये इतका हलका. काठी सोडली की बरोबर रेघेवर परत. परत आल्यावर गप्प. दांडा बोटानं हळूच हलवला तर ढिला लागू नये. संजीवनं एक निळा काढून दिला, शेठनी जोडला, पाहिला, बाजूला ठेवला. दुसरा मागितला. संजीव म्हणाला, सगळे एकाच कारखान्याचे आहेत. शेठ म्हणाले, गुंडही एकाच कारागिराचे असतात. दुपारपर्यंत काउंटरभर निळ्या डब्या पसरल्या. संजीवचा नोकर दोनदा चहा सांगून आला. एकेक सर्व्हो रेघेवर येऊन गप्प बसला की शेठ मांडीवर थाप मारत आणि आजूबाजूच्या गिऱ्हाइकांना बोलावून दाखवत. शेवटी चार निवडले गेले. निघताना संजीवनं हात जोडले, ते नमस्कारासाठी की सुटकेसाठी, हे त्यालाच ठाऊक.

घरी सोनारी तराजूच्या एका पारड्यात जुने चार आणि दुसऱ्यात नवे चार ठेवले, तेव्हा जुन्यांचं पारडं खाडकन आपटलं. शेठनी ते राधाबाईंना मुद्दाम पुन्हा पुन्हा करून दाखवलं. मग विमानाच्या नाकातला पितळेचा तुकडा काढला. शेपूट हलकं झालं होतं, तेव्हा नाकाला दागिन्याची गरज उरली नव्हती. पंखाखाली दोन बोटं धरून विमान उचललं, तर ते आडव्या रेघेत स्थिर राहिलं.

आणि इथं उतावळेपणानं डाव साधला. मंडईच्या आदल्या दिवशी सकाळी शेठ शेवटचा सर्व्हो बसवत होते, शेपटाच्या उभ्या पट्टीचा. दांडा जरा तिरका वाटला. बॅटरी जोडून तो रिमोटनं सरळ करायचा, हे त्यांना चांगलं माहीत होतं. पण गुंडाला आलेला पोचा अंगठ्यानं दाबून काढणारा हात तो. त्यांनी दांडा बोटांत धरून वळवला. आत बारीकसं कट झालं. प्लास्टिकच्या चाकाचा दात गेला.

नागपूरला फोन लावला, तर संजीव भाऊबीजेला बहिणीकडे गेलेला, दुकान बंद. हाताशी तीन चांगले सर्व्हो, आणि चौथ्या जागेसाठी जुने चार काळे, जड, गुणगुणणारे. त्यांनी एक काळा उचलला. तळहाताला तो ओळखीचा भार इतका बरा वाटला की क्षणभर त्यांनी पितळेचा तुकडाही शोधला. एकच तर लावायचा आहे, मन म्हणत होतं, बाकी तीन नवे आहेत, एवढ्यानं काय होतं? चार जागा आहेत, चार सर्व्हो हवेत. रिकामी जागा ठेवून माल विकायची त्यांना सवय नव्हती.

राधाबाई समोर पोह्यांचा डबा भरत होत्या, निर्मलाबाईसाठी. शेठनी त्या डब्याकडे पाहिलं आणि काळा सर्व्हो खाली ठेवला.

उभी पट्टी जमिनीवर विमान वळवायला लागते. हातानं फेकून उडवलं तर तिच्यावाचून चालतं. पंखांच्या पट्ट्यांनी वळवता येतं. हे त्यांनी वाचलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं, कारण असलेली वस्तू कमी करायची म्हणजे त्यांना दिवाळं वाटायचं. त्यांनी उभी पट्टी सरळ करून चिकटपट्टीनं पक्की केली. जागा रिकामी ठेवली. बॅटरी जराशी मागं सरकवली, पुन्हा दोन बोटांवर तोल पाहिला आणि राधाबाईंना हाक मारून सांगितलं की विमान आता तीनच सर्व्होंचं आहे. राधाबाई म्हणाल्या, तुमच्या हातून काही कमी झालेलं पहिल्यांदाच पाहते आहे.

दुसऱ्या दिवशी नाकाडोंगरीला मंडई फुलली होती. शेठनी दुकान मांडलं, पण गिऱ्हाइकाला टिचकी ऐकवायलाही त्यांचं मन थाऱ्यावर नव्हतं. भोंग्यावर दोनदा त्यांचं नाव आलं. मागच्या साली हसलेले सगळे आधीच धुऱ्यावर जागा धरून होते. गोमाजींनी लोकांना धुऱ्याच्या मागं सारलं. आणि मोहाच्या झाडाखाली, नेमक्या त्याच जागी, निर्मलाबाई येऊन बसली.

शेठ धावतच तिच्याकडे गेले. वहिनी, इथून उठा, धुऱ्यामागं बसा, म्हणून विनवू लागले. निर्मलाबाईनं मान हलवली.

"मी उठली तं सारे म्हनतीन, घरचीच भेली. मंग कोन पाह्यल तुमचं इमान? मी इथंच बसतो, सेठजी. तुम्ही उडवा."

एवढा विश्वास कुणी उधार दिला तर माणसानं काय करावं? ते परत आले, तीनही सर्व्हो पुन्हा हलवून पाहिले. तिघेही जागेवर येऊन गप्प बसले. मनाशी त्यांनी एक ठरवलं, की झाडाच्या बाजूला वळायचंच नाही, बांधीच्या पलीकडच्या अंगानं फिरायचं.

फेकायचं काम गोमाजींचं. धानाच्या पेंढ्या पुंजण्याच्या उंच गंजीवर फेकणारा हात, त्यांना सांगावं लागलं की वर नको, समोर फेका. गोमाजी चार पावलं धावले आणि त्यांनी विमान हवेत सोडलं. ते जरा खाली दबलं, लोकांच्या तोंडून आवाज निघाला, आणि मग ते वर चढलं. चढतच गेलं. पितळ नाही, जड शेपूट नाही, जणू त्याला उडायचंच होतं आणि इतके दिवस शेठनीच धरून ठेवलं होतं.

पहिली फेरी. काठी डावीकडे, विमान डावीकडे. काठी सोडली, विमान सरळ. दुसरी फेरी. शेठ मोठ्यानं हसू लागले, त्यांना स्वतःलाच कळलं नाही. तिसऱ्या वळणाला डोंगराकडून वाऱ्याचा झोत आला आणि विमान ठरवलेली वाट सोडून मोहाच्या झाडाकडे ढकललं गेलं. गर्दीत उभ्या राधाबाईंनी शेजारणीचा हात घट्ट धरला. शेठनी काठी फिरवली, मागच्या साली फिरवली होती तेवढीच.

विमानानं ऐकलं. पंख कलले, झाडाच्या शेंड्याच्या अलीकडूनच ते वळलं आणि परत बांधीवर आलं. काठी सोडताच सरळ झालं. धुऱ्यावर असा गलका उठला की दंडारवाल्यांचे ढोल आपणहून वाजायला लागले. शेठनी आणखी हौस केली नाही. मोटर मंद केली, विमान खाली खाली आणलं, आणि ते कापलेल्या धानाच्या खुंटांवरून घसरत पोटावर थांबलं. एक पट्टीही हलली नाही.

लोक बांधीत उतरले. कुणी शेठना उचलायला पाहत होतं, गोमाजी भोंग्यावर काहीबाही ओरडत होते, आणि राधाबाई डोळे पुसत लोकांना सांगत होत्या की तीनच सर्व्हो आहेत, तीनच. शेठ सगळ्यांतून वाट काढत विमान छातीशी धरून मोहाच्या झाडाखाली गेले. निर्मलाबाई तशीच बसली होती, दोन्ही हातांच्या मुठी मांडीवर घट्ट. शेठनी विचारलं, वहिनी, पाहिलं ना?

निर्मलाबाई लाजली. इकडंतिकडं पाहून हळूच म्हणाली,

"आता आखीन एकडाव उडवा जी. मी तं डोये मिटूनच बसली होती."

शेठच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी तिथंच खाली बसून खिशातली दुसरी बॅटरी काढली.